पहिल्याच थेंबाला पिवळं

आषाढात मध्येच आठवडाभराची उघडीप मिळाली होती. सकाळी सहाला मागीलदारी गेले, तर हौदातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाशी पडलेल्या जांभळाच्या पानाच्या शिरासुद्धा दिसाव्यात. मासे मात्र वर आले नाहीत. एरवी माझी पावलं वाजली की सगळे कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, कोपऱ्यात येऊन तोंडं उघडून उभे राहतात. त्या दिवशी बहुतेक सगळे तळाला, पंख अंगाशी आवळून बसलेले. दोघे फिल्टरच्या पिंपातून पाणी पडतं तिथे पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकत होते. सगळ्यात जुन्या पांढऱ्या-तांबड्या माशाच्या पाठीवर पातळ दुधट साय आल्यासारखी दिसत होती.

आदल्या रात्री अकरापासून वीज नव्हती. त्यामुळे मनात पहिलं आलं ते प्राणवायूचं. पंप बंद, पाणी हललं नाही, रात्रभर श्वास कोंडला असणार. पण वीज पहाटे चारलाच आली होती आणि पंप दोन तास चालू होता. प्राणवायूची तूट असती तर दोन तासांत मासे थोडे तरी सावरले असते. म्हणून आत जाऊन परीक्षानळ्यांचा डबा आणला आणि पडवीतल्या पायरीवर बसले.

आधी हौदाबद्दल सांगते. आमचं घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत. मागे नारळी-पोफळीचं छोटं आगर, आणि आगराला पाणी लावायला सासऱ्यांनी बांधलेला जांभ्या चिऱ्यांचा हौद. ठिबक आल्यापासून तो रिकामाच पडून होता. नोकरी संपवून आम्ही कायमचे इथे राहायला आलो तेव्हा मी त्यात मासे पाळायचं ठरवलं. गवंड्याने जानेवारीत आतून सिमेंटचा गिलावा केला. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, पाण्याची उंची ८० सेंटीमीटर, म्हणजे ४,८०० लिटर. हा आकडा मी हौदाच्या कठड्यावर ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे. सोडा किती, मीठ किती, क्लोरीन मारायचा हायपो किती, सगळे हिशेब त्यावरून होतात आणि घाबरलेल्या माणसाला गुणाकार जमत नाही.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो हे मला माहीत होतं. पहिल्यांदा हौद भरून दोन दिवसांनी पीएच पाहिला (सातच्या खाली पाणी आम्लाकडे, वर चुन्याकडे झुकलेलं), तर चाचणीच्या संचातल्या रंगपट्टीवरचा सर्वांत गडद जांभळा रंगही फिका पडावा असं पाणी. ती पट्टी ८.८ ला संपते, म्हणजे खरा पीएच त्याच्या वर कुठेतरी. इकडच्या रीतीप्रमाणे केळीचे खुंट कापून हौदात टाकले, थोडं शेण कालवलं, आठ दिवस कुजू दिलं, उपसलं, कुंच्याने घासलं, पुन्हा भरलं. असं चार वेळा. चौथ्या खेपेला पीएच ८.२ वर टेकला. खुंटांनी किती काम केलं आणि नुसत्या पाणी बदलण्याने किती, ते मी वेगळं करून सांगू शकत नाही. घासणं आणि उपसणं यांचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

मग निळ्या पिंपाचं फिल्टर केलं. आत नायलॉनच्या जाळ्या आणि भांडी घासायच्या जाळीदार चोथ्या, खाली छोटा पंप. सुरुवातीला फक्त गप्पी सोडले. आरोग्य खातं डासांसाठी विहिरी-हौदांत सोडतं तेच. पाच आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजत बसले. आधी अमोनिया चढला, मग तो उतरता उतरता नायट्राइट चढलं, मग तेही शून्यावर आलं आणि नायट्रेट दिसू लागलं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पिंपातल्या चोथ्यांवर हे जिवाणू वस्तीला आले की हौद बसला म्हणायचं. एप्रिलच्या सुरुवातीला कोई आणले, बावीस.

उन्हाळाभर मी पीएच मोजत होते. सकाळी ७.४, संध्याकाळी ८.४. दिवसा शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच चढतो, रात्री सगळेच श्वास सोडतात म्हणून उतरतो. हे चढउतार वहीत लिहून ठेवायला मला फार आवडायचं. संचात एक बाटली होती केएचची, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची, ज्याला पुस्तकी मराठीत क्षारता म्हणतात आणि जी पीएच सावरून धरते. ती मी उघडलीच नव्हती. पीएच चांगला येतोय, मग ती कशाला वाया घालवायची, असा हिशेब.

त्या सकाळी पायरीवर बसून पहिली नळी पीएचची केली. रंग पिवळा. पट्टीवर पिवळा म्हणजे ६.०. पण पट्टी तिथेच संपते, त्यामुळे पिवळा म्हणजे सहा किंवा सहाच्या खाली कितीही. पीएचमधल्या एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट. आठवड्यापूर्वी वहीत ७.२ लिहिलेलं होतं. मी नळी धुऊन पुन्हा केली. पुन्हा पिवळा.

मग केएचचं सील फोडलं. ही चाचणी सोपी आहे. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि हलवायचं. पाणी निळं होतं; क्षारता संपली की पिवळं होतं. जितक्या थेंबांनी पिवळं, तितके अंश. एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. पहिला थेंब टाकला. निळं झालंच नाही. पहिल्याच थेंबाला पिवळं.

अमोनियाची नळी करायला दोन बाटल्यांतले आठ-आठ थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत मी फक्त पाण्याकडे बघत होते. पिवळ्याचा पोपटी, पोपटीचा हिरवा. २ मिलिग्रॅम प्रतिलिटर. चांगल्या हौदात हा आकडा शून्य असतो, आणि माझ्या हौदात तीन महिने तो शून्यच होता.

इतक्यात कठड्यापलीकडून शेजारचे अण्णा डोकावले. त्यांची भातखाचरं आणि शेततळं आहे, तळ्यात ते रोहू-कटला सोडतात. म्हणाले, "वहिनी, पाणी आंबलंय. मूठ-दोन मूठ चुना टाका, दुपारपर्यंत मासे उड्या मारतील." चुना घरात होताच, भिंतींना लावायला आणलेला. माझं मन लगेच तिकडे गेलं. शेततळ्याला चुना देतात हे खरं आहे, आणि अण्णा अनुभवाने बोलत होते. पण अमोनियाचा तो हिरवा रंग समोर होता आणि मला काहीतरी अडत होतं.

अण्णांची पुतणी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलेली आहे, आता एका कोळंबी प्रकल्पावर काम करते. तिला फोन लावला. तिन्ही आकडे सांगितले. ती आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "काकी, चुना टाकलात का?"

"नाही अजून."

"टाकू नका. आत्ता त्या आम्लपणामुळेच मासे जिवंत आहेत."

हे तिने मला जसं समजावलं तसं लिहिते, कारण माझ्यासारखं पीएचकडेच डोळे लावून बसलेल्या माणसाला याहून कामाची गोष्ट नसेल. आपली चाचणी जो अमोनिया दाखवते तो दोन रूपांतला मिळून असतो. एक अमोनियम, जो कल्ल्यांतून सहजासहजी आत शिरत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो शिरतो आणि जाळतो. कोणाचा वाटा किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर शंभरातला एक भागसुद्धा मुक्त नसतो. पीएच ८ ला साडेसहा भाग मुक्त. पीएच ९ ला चाळीस. माझ्या हौदात पीएच ६ ला २ मिलिग्रॅमपैकी मुक्त अमोनिया जवळपास नव्हताच. क्षारता शून्य असलेल्या पाण्यात दोन मुठी चुना पडला असता तर पीएच तासाभरात नऊच्या पुढे उडी मारू शकला असता, आणि तोच २ मिलिग्रॅमचा आकडा तसाच राहून त्यातला ०.८ मिलिग्रॅम मुक्त झाला असता. लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनियासुद्धा माशांना त्रास देतो. दुपारपर्यंत बावीसच्या बावीस वर आले असते, पोटं वर करून.

म्हणजे क्रम ठरला. आधी अमोनिया पातळ करायचा. पीएच त्यानंतर, आणि तोही हळूहळू.

खायला घालणं त्या क्षणी बंद केलं. उपाशी कोई आठ-दहा दिवस सहज काढतो, आणि जे पोटात जात नाही त्याचा अमोनिया होत नाही.

मग पाणी बदलायला निघाले तर विहिरीचा प्रश्न उभा राहिला. आमची विहीर वाडीतली चार घरं पिण्यासाठी वापरतात, म्हणून पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक येऊन तीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकून जातो. तो आदल्याच दिवशी येऊन गेला होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं चांगलं मानतात. माशांच्या कल्ल्यांना तेवढंही सोसत नाही. जलसुरक्षकाने मागे कधीतरी मला ओटीची, म्हणजे क्लोरीन ओळखायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाची, छोटी बाटली दिली होती. ते द्रावण विहिरीच्या पाण्यात टाकलं, तर पिवळा रंग आला. अंदाजे अर्धा मिलिग्रॅम.

क्लोरीन मारायला हायपो लागतो, पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तोच, सोडियम थायोसल्फेटचे खडे. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम हायपो धरला की काळजी नसते. मला पाव हौद बदलायचा होता, १,२०० लिटर. अर्धा मिलिग्रॅम गुणिले १,२०० म्हणजे ६०० मिलिग्रॅम क्लोरीन, त्याला सव्वाचार ग्रॅम हायपो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅम तोलला. विहिरीचं पाणी आधी दोन टाक्यांत भरलं, त्यात विरघळवला, हलवला, पुन्हा ओटी टाकून पाहिलं. रंग आला नाही, तेव्हाच पाइप हौदाकडे वळवला.

त्याच वेळी विहिरीच्या पाण्याची केएच पाहिली आणि सगळ्या गोष्टीचा उलगडा झाला. एका थेंबाला पिवळं. आमच्या विहिरीतच काही नाही! तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख. जांभ्यातला चुन्याचा अंश लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन नेला आहे. मागे उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. घाटावर माझ्या माहेरी बोअरचं पाणी असं की बादलीवर पांढरे थर बसतात आणि डाळ शिजत नाही. तिथे मासे पाळणाऱ्याला या अडचणीची कल्पनाही येणार नाही. इथल्या पाण्यात साबण भरपूर फेसाळतो, डाळ मऊ शिजते, आणि याच मऊपणाची मला इतकी वर्षं कौतुकं होती.

मग उन्हाळाभर माझा पीएच कसा टिकला? नव्या गिलाव्याने टिकवला. सिमेंटमधून सुटणारा चुना हवेतला आणि माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाण्यात बायकार्बोनेट होऊन राहत होता. ज्या चुन्याला मी फेब्रुवारीत शत्रू समजून चार वेळा घासून काढलं, त्याच्या उरल्यासुरल्यावर एप्रिल-मे निभावले. मला वाटत होतं हौद बसला म्हणून पीएच स्थिर आहे.

आणि ती पुंजी संपवणारे दोघे होते. एक जिवाणू. अमोनियाचं नायट्रेट करताना ते क्षारता खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात ग्रॅम. माझे मासे रोज साठ-सत्तर ग्रॅम खाद्य खात होते. त्यातून ढोबळमानाने दोन ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, त्यासाठी चौदा ग्रॅम क्षारता. ४,८०० लिटरमध्ये हा खर्च लिटरमागे रोज तीन मिलिग्रॅम पडतो, म्हणजे सहा दिवसांत एक अंश. पावसाचा थेंब न पडताही महिन्याला पाच अंश.

दुसरा पाऊस, आणि यात चूक पूर्णपणे माझी. हौदाची लांब बाजू पडवीच्या पागोळ्यांखाली येते. कौलांवरून पडणाऱ्या धारा हौदात पडतात, त्या आवाजासाठी मी मुद्दाम पन्हळ लावली नव्हती. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पडवीचं छप्पर २४ चौरस मीटर, हौद स्वतः ६. एका दिवसात १५० मिलिमीटर पडला, आणि आमच्याकडे तो जुलैत पडतोच, की ४,५०० लिटर पाणी हौदात येतं आणि तेवढंच कठड्यावरून आगरात जातं. मिसळत मिसळत जातं म्हणून सगळं बदलत नाही, तरी एका दिवसात निम्म्याहून जास्त जुनं पाणी नाहीसं होतं. उघडिपीच्या आधी तसे चार दिवस झाले होते. पाऊस चालू होता तोवर त्याने अमोनियाही धुऊन नेला, म्हणून मला काही कळलं नाही. मग ऊन पडलं, मासे खेळकर झाले, मी हात सैल सोडून खाद्य टाकलं. क्षारता उरली नव्हती, पीएच कोसळला, आणि सहाच्या आसपास आला की हे जिवाणू काम जवळजवळ थांबवतात. पाच दिवसांत २ मिलिग्रॅम अमोनिया साचला. पाणी मात्र काचेसारखं.

त्या दिवशी दुपारी छपराखाली जुना पत्रा तिरका ठोकून पागोळ्या आगराकडे वळवल्या. पांढरा-तांबडा मासा संध्याकाळी गेला. तो माझ्या हाताला तोंड लावून दाणा घ्यायचा. रात्री आणखी एक गेला, तिसरा दुसऱ्या दिवशी. माडाच्या बुंध्याशी पुरले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव हौद बदलला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीन वेळा पाव पाव बदलून अमोनिया पाऊण-एक मिलिग्रॅमवर आला. सोडा पहिल्या संध्याकाळपासूनच सुरू केला, पण फार जपून.

सोड्याबद्दल थोडं नेमकं सांगायला हवं, कारण नावांच्या घोटाळ्यात मासे मरतात. हवा तो खाण्याचा सोडा, भज्यात घालतो तो, सोडियम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा चालत नाही. तो कार्बोनेट असतो आणि चुन्यासारखाच पीएच झपकन वर नेतो. बेकिंग पावडरही नको, तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि पीठ असतं. खाण्याच्या सोड्याचा गुण असा की पाण्यात हवा खेळत असेल तर तो पीएच साधारण ८.३ च्या फार पलीकडे ढकलत नाही. माप लक्षात ठेवायला सोपं आहे: १,००० लिटरला ३० ग्रॅम म्हणजे एक अंश. माझ्या हौदाला एका अंशाला १४४ ग्रॅम. सकाळी ७० आणि संध्याकाळी ७०, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून, पिंपातून धार पडते तिथे हळूहळू. नव्या पाण्यालाही त्या दिवशीच्या अंशाइतका सोडा टाकीतच घालायचा, नाहीतर जेवढं मिळवलं ते बदलण्यात जातं. देवरुखच्या दुकानात मी एकदम दीड किलो मागितला तेव्हा दुकानदाराने लग्नकार्य आहे का विचारलं. मासे म्हटल्यावर त्याने स्वतःच्या घरच्या टाकीची पूर्ण कहाणी सांगितली आणि मी ती ऐकून घेतली, कारण त्यातही सकाळी मेलेले मासे होते.

वहीतली पानं अशी आहेत. पहिला दिवस, रात्री: पीएच ६.२ च्या आसपास, केएच एकाच्या खाली. दुसरा दिवस: ६.६, एक. तिसरा: ६.८, दोन. चौथ्या दिवशी पीएच ७.० आणि तीन थेंब. तिसरा थेंब पडल्यावर पिवळं होण्याआधी नळी दोनदा निळी राहिली, ते बघून मी पायरीवरच बसून राहिले. सहाव्या दिवशी पाच अंश, पीएच ७.४, अमोनिया अर्ध्या मिलिग्रॅमवर. मासे वर यायला लागले होते, पण खायला अजून देत नव्हते.

कुणाला वाटेल इतकं हळू का. अमोनिया पाण्यात असेपर्यंत पीएचची प्रत्येक पायरी म्हणजे मुक्त अमोनियाची एक पायरी, हे एक. आणि दुसरं म्हणजे पीएच उलट्या दिशेने एकदम बदलणं हा माशाच्या शरीराला तितकाच मोठा धक्का असतो. सहाला ओढाताण करून जगलेला मासा दोन तासांत आठला नेला तर तो बरा होत नाही.

नवव्या दिवशी नायट्राइट चढलं, १ मिलिग्रॅम. हे अपेक्षित होतं. पहिल्या फळीचे जिवाणू जागे झाले होते, दुसरी फळी मागे होती. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं, रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. त्याला साधा उतारा मिठाचा. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटशी चढाओढ करतं आणि त्याला आत येऊ देत नाही. १,००० लिटरला एक किलो खडे मीठ धरून पाच किलो मीठ तीन हप्त्यांत घातलं. कुंडीतलं कमळ तेवढ्या मिठाने काही बिघडलं नाही. दोन आठवड्यांत नायट्राइटही शून्यावर आलं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी चिमूटभर खाद्य टाकलं आणि एकोणीस मासे एकदम वर आले.

पण सोडा हा रोजचा उपाय होऊ शकत नाही. मी चार दिवस मुंबईला गेले तर? पुतणीने तेव्हाच सांगितलं होतं, "काकी, तुमच्याकडे तिसऱ्या येतात ना? त्यांची कवचं टाकता कुठे?" तिसऱ्या म्हणजे खाण्याच्या शिंपल्या; त्यांची कवचं म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लतेकडे झुकलं की ती जास्त विरघळतात, पीएच साडेसातच्या वर गेला की जवळपास थांबतात. मोजून टाकावं लागत नाही, पाणीच आपल्याला हवं तेवढं घेतं. फक्त वेग कमी, म्हणून कोसळलेल्या पाण्यावर तो तातडीचा इलाज नाही.

आमच्या दारावर येणारी मासेवाली मावशी तिसऱ्या, मुळे, कालवं घेऊन येते. तिला सांगून ठेवलं. ती ओळखीच्या खाणावळीतून पोतंभर कवचं घेऊन आली, पैसे घेईना. "माशांसाठी न्हेतस ना, मग कसले पैशे," म्हणाली. मी कवचं उकळली, मांसाचा धागाही राहू नये म्हणून घासली (राहिला तर त्याचाही अमोनियाच होतो), चार उन्हं दाखवली आणि कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरून पिंपात, जिथून सगळं पाणी जातं तिथे ठेवली. सुमारे दहा किलो. महिन्यातून एकदा पिशव्या हौदाच्याच पाण्यात झटकून काढते, कारण कवचांवर गाळाचा थर बसला की ती विरघळत नाहीत.

चाचण्यांच्या बाबतीतही काही सवयी लागल्या. नळी आधी हौदाच्याच पाण्याने विसळायची. रंग दिवसाउजेडी बघायचा. ट्यूबलाइटखाली अमोनियाचा पोपटी आणि पिवळा यांत मला फरक कळत नाही. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची, तिच्या तळाशी साका बसतो आणि न हलवता केलं की आकडा खोटा कमी येतो. आणि पीएच दिवसातून एकदाच बघायचा असेल तर पहाटेचा बघायचा. संध्याकाळचा पीएच शेवाळाने फुगवलेला असतो. माझी उन्हाळ्यातली वही आता चाळली तर दिसतं की मे अखेरीस पहाटेचे आकडे ७.४ वरून ७.०, ६.९ असे घसरत होते आणि संध्याकाळचे मात्र ८.६, ८.७ असे चढत होते. दरी रुंदावत होती. क्षारता कमी झाली की पाणी दोन्हीकडे मोकाट धावतं. ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

पडवीला आता पन्हळ आहे. पागोळ्यांचा आवाज गेला, त्याचं वाईट वाटतं. तिच्या तोंडाला मी एक झडप बसवली आहे, पहिल्या पावसाचं थोडं पाणी हौदात घ्यावंसं वाटलं तर उघडायला. अजून उघडलेली नाही.

यंदा मृगाच्या आधीच केएच सात अंशांवर नेऊन ठेवला. १२ जूनला पाऊस लागला. आठ दिवसांनी सहा थेंब, पंधरा दिवसांनी पाच. काल उघडीप होती. पहाटे नळी केली, चौथ्या थेंबापर्यंत निळं, पाचव्याला पिवळं. ७० ग्रॅम सोडा तोलून बादलीत घातला, संध्याकाळी आणखी ७० घातला. अण्णा कठड्यावर हात टेकून बघत होते. त्यांच्या तळ्याचं पाणी त्यांनी बाटलीतून आणलं होतं, तेवढं तपासून द्या म्हणाले.